दवाखान्यात वडिलांची आबाळ होतेय: तक्रार कुणाकडे, कधी आणि कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७८ वर्षांचे, घरात पाय घसरून पडले आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात भरती केलं, ऑपरेशन पाचव्या दिवशी झालं, आज नववा दिवस. माकडहाडाच्या जागी जखम झाली आहे. रात्री बडबड करतात, सलाईन ओढतात म्हणून दोन रात्री त्यांचे हात पलंगाला बांधले. सिस्टर तुटक बोलतात, मोठे डॉक्टर भेटत नाहीत, बिल वाढत चाललंय. आई एकटी त्यांच्याजवळ, तुम्ही पुण्यात नोकरीला. तक्रार कुठे करायची, आणि केली तर त्याचा राग वडिलांवर निघेल का, हे तुम्हाला हवंय.

तुम्ही लिहिलंय त्यात तक्रारी चार आहेत. एक शुश्रूषेची: जखम, हात बांधणं. दुसरी वैद्यकीय निर्णयाची: ऑपरेशनला झालेला उशीर. तिसरी वागणुकीची आणि माहिती न मिळण्याची. चौथी बिलाची. चारही एकाच अर्जात "आमच्या पेशंटची हेळसांड झाली" म्हणून घातल्या, की उत्तर एका ओळीत येतं: "रुग्णाचं वय व प्रकृती पाहता उपचार योग्यच होते." त्या ओळीपुढे मग काहीच हलत नाही. प्रत्येक तक्रारीचं दार वेगळं आहे, आणि प्रत्येकीला लागणारा पुरावाही वेगळा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. वडील अजून खाटेवर आहेत. भरपाई, चौकशी, परवाना हे सगळं नंतरही करता येतं, त्याला मुदत आहे. आज रात्री त्यांना कुशीवर वळवलं जाणं आणि हात मोकळे राहणं हे मात्र आजच व्हायला हवं. म्हणून आधी ज्याने उद्याची सकाळ बरी जाईल ते करा. कागद गोळा करणं त्याच्यासोबत चालू ठेवा, आणि वरच्या दारांचा विचार घरी गेल्यावर.

तुम्हाला अप्रिय वाटेल असंही एक सांगायला हवं. जखम झाली म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं त्या एका गोष्टीवरून ठरत नाही. पडल्यावर ते फरशीवर किती वेळ तसेच होते, साखर किती आहे, अंगावर मांस किती राहिलंय, भरतीपूर्वी जेवण कसं होतं, या सगळ्यांचा हिशेब त्यात येतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसाला भ्रम होणंही चांगल्यातल्या चांगल्या दवाखान्यात घडतं. विचारायचा प्रश्न असा: होऊ नये म्हणून काय केलं होतं, आणि दिसल्यावर किती वेळात काय केलं? कायदाही ढोबळमानाने हेच पाहतो. निकाल वाईट लागला एवढ्यावर डॉक्टर दोषी ठरत नाही. त्या परिस्थितीत सर्वसाधारण काळजी घेतली की नाही, यावर ठरतो.

आता जखमेबद्दल सविस्तर, कारण तुमची सगळ्यात भक्कम तक्रार तीच आहे.

एकाच जागी सतत दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी आतून मरायला लागते. उताणं झोपलेल्या माणसाला हे माकडहाडावर आणि टाचांवर आधी होतं. खुबा मोडलेल्या पेशंटचा पाय वजन लावून ताणून ठेवला असेल तर टाच हमखास बघावी. पहिल्या पायरीला फक्त लाली असते. बोटाने दाबून सोडलं तरी ती फिकी होत नाही. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे हाताला ऊब किंवा कडकपणा जाणवतो. दुसऱ्या पायरीला कातडी सोलवटते किंवा फोड येतो. तिसरीत चरबी दिसते, चौथीत स्नायू किंवा हाड. वडिलांची जखम कोणत्या पायरीची आहे हे डॉक्टरांना विचारा आणि फाइलमध्ये तशी नोंद करायला सांगा. "पाठीला थोडं लागलंय" ही नोंद नव्हे.

न चालणाऱ्या पेशंटची बाजू सहसा दर दोन तासांनी बदलायची असते: डावीकडे, उताणं, उजवीकडे. ऑपरेशन झालेल्या बाजूवर कितपत वळवायचं हे हाडांचे डॉक्टर सांगतील, कारण सांधा बदलला की स्क्रू-पट्टी बसवली यावर ते अवलंबून असतं. हवेची गादी लावली म्हणजे वळवायची गरज संपली, असं बऱ्याच वॉर्डांत धरून चालतात. गादीने दाब कमी होतो, नाहीसा होत नाही. त्यातही गादीचा पंप बंद असतो, नळी दुमडलेली असते, किंवा गादीवर रबरशीट, चादर, घडी घातलेली गोधडी असे थर चढवलेले असतात आणि गादीचा उपयोगच राहत नाही. आईंना सांगा, वडिलांच्या कमरेखाली गादीच्या खालून हात घालून बघा. हाताला थेट हाड टेकतंय असं वाटलं तर हवा कमी आहे. टाचा उशीवर नकोत, पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी हव्यात. लाल जागेवर तेल चोळू नका. मेडिकलमध्ये मिळणारी गोल रिंगही कमरेखाली घेऊ नका, तिच्या कडेने उलट दाब पडतो. लघवी-शौचाने ओली झालेली चादर तशीच राहिली तर जखम झपाट्याने वाढते.

आणि जेवण. जखम भरायला प्रथिनं लागतात. कवळी डब्यात ठेवलेली आणि ताटात भाकरी, अशा वेळी माणूस ताट तसंच परत पाठवतो आणि नोंद होते "जेवण घेतलं". कवळी बसवून द्या. नाहीतर डाळीचं घट्ट वरण, उकडलेलं अंडं, ताक, दुधात कुस्करलेली भाकरी द्या, पण पथ्य डॉक्टरांना विचारून. भरवताना पाठ किमान ३० ते ४५ अंश उंच हवी. आडवं भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो.

या सगळ्यातून तक्रारीचा कणा मिळतो. भरतीच्या वेळी कातडी तपासून नोंद केली होती का? केली होती आणि त्यात कातडी शाबूत लिहिली आहे, तर जखम दवाखान्यातच झाली हे त्यांच्याच कागदाने सिद्ध होतं. नोंदच नसेल, तर ती नसणं हीच त्रुटी. बाजू बदलल्याची वेळेनुसार नोंद आहे का? जखम पहिल्यांदा कधी लिहिली गेली? आईंनी सिस्टरना सांगितलं तो दिवस आणि फाइलमध्ये ती उमटली तो दिवस, यांत दोन दिवसांचं अंतर निघालं, तर तेवढ्यावर तुमची बाजू भक्कम होते.

फोटो काढा. वडिलांना विचारून, चेहरा न येऊ देता, जखमेशेजारी मोजपट्टी धरून, रोज एक. बाकीचे पेशंट आणि सिस्टर त्यात येऊ देऊ नका. वॉर्डात मोबाइल फिरवून व्हिडिओ काढला की लोक बचावात जातात, आणि दुसऱ्या पेशंटच्या खासगीपणाचा भंग केल्याचा ठपका तुमच्यावर येतो.

आता रात्रीची बडबड आणि हात बांधणं. म्हाताऱ्या पेशंटला अचानक भ्रम झाला तर "वयामुळे होतं" हे उत्तर पुरेसं नाही, त्यामागचं कारण शोधायचं असतं. रक्तातलं सोडियम कमी झालंय का (साधारण १३५ ते १४५ हवं), लघवी तुंबलीय का, शौचाला किती दिवसांत झालं नाही, ताप किंवा छातीचा संसर्ग आहे का, दुखणं नीट दबलेलं आहे का, झोपेची किंवा ॲलर्जीची नवीन गोळी सुरू झालीय का, घरी चालू असलेली एखादी गोळी इथे सुटलीय का. यांतली बरीच कारणं एका दिवसात सापडतात आणि दुरुस्त होतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडणं हेही कारण असतं. ६० किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली, म्हणजे दिवसाला ७०० मिलीच्या आसपास तरी लघवी व्हायला हवी. त्याहून कमी असेल तर विचारा.

चष्मा, कानाचं यंत्र, भिंतीवर दिसेल असं घड्याळ, रात्री मंद दिवा, दिवसा खिडकीचा उजेड, आणि ओळखीचा आवाज. या साध्या गोष्टी पेशंटला भानावर ठेवतात. आपल्याकडे भाषाही मोठी गोष्ट आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक आजी-आजोबांचं बोलणं आजारपणात तेलुगूवर येतं, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडच्यांचं कन्नडवर. सिस्टरना ते कळत नाही, आणि "पेशंट ऐकत नाही" अशी नोंद होते. तुमच्याकडे तसं असेल तर पाच-सहा शब्द (पाणी, लघवी, दुखतंय, थंडी, घरी) मराठी अक्षरांत लिहून खाटेपाशी चिकटवा. उलटा प्रकारही लक्षात ठेवा: भ्रमात गेलेला पेशंट कधी अगदी गप्प पडून राहतो. तो कुणाला त्रास देत नाही म्हणून दिवसेंदिवस कुणाच्या लक्षात येत नाही.

हात बांधणं हा शेवटचा उपाय असतो. बांधायचेच तर डॉक्टरांचा लेखी आदेश हवा: कारण, सुरू केल्याची वेळ, कधीपर्यंत. मधून मधून सोडून हातांचा रंग, सूज, त्वचा तपासायची असते. घरच्यांना सांगायचं असतं. रात्रीच्या ड्युटीवर माणसं कमी आहेत म्हणून बांधलं, हे कारण चालत नाही, पण बहुतेक वेळा खरं कारण तेच असतं. म्हणून भांडण्याआधी पर्याय सुचवा: "रात्री आमचा एक माणूस खाटेजवळ बसेल, हात बांधू नका, सलाईनच्या जागेवर बँडेज गुंडाळा, लघवीच्या नळीची अजून गरज आहे का ते सकाळी डॉक्टरांना विचारा." नळी नकोशी झाल्याने हात जातो, नळी निघाली की ओढाओढ थांबते, असं वारंवार दिसतं. नळी जितके दिवस राहते तितका लघवीचा संसर्ग होण्याचा धोकाही वाढतो.

ऑपरेशनच्या उशिराबद्दल मी सावध राहीन. म्हाताऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन शक्यतो पहिल्या ३६ ते ४८ तासांत व्हावं, असा सर्वसाधारण वैद्यकीय संकेत आहे, कारण पडून राहिलेला प्रत्येक दिवस छाती, कातडी आणि डोकं तिन्हींवर येतो. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, घसरलेलं सोडियम, छातीत कफ, हृदयाची तपासणी बाकी असणं, यांमुळे थांबणं योग्यही असू शकतं. कारण फाइलमध्ये तारखेनिशी लिहिलेलं असेल तर हा मुद्दा अर्जात मागे ठेवा. कारण "इम्प्लांट यायचं होतं", "भूलतज्ज्ञ मिळाले नाहीत" किंवा "विम्याची मंजुरी आली नाही" असं असेल तर पुढे आणा.

आता बोलायचं कुणाशी. वॉर्डात चढती पायरी अशी असते: ड्युटीवरच्या सिस्टर, इन्चार्ज सिस्टर, मेट्रन (सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख); डॉक्टरांच्या बाजूने निवासी डॉक्टर, मग उपचार करणारे मुख्य डॉक्टर, मग वैद्यकीय संचालक किंवा प्रशासक. शुश्रूषेचं काम मेट्रनकडून होतं, डॉक्टरांकडून नाही, ही गल्लत फार लोक करतात. बाजू बदलायचं वेळापत्रक डॉक्टरांकडे मागितलं तर ते "सिस्टरना सांगतो" म्हणतात आणि तो निरोप वाटेतच राहतो. ड्युटी बदलायच्या अर्ध्या तासात कुणाशी बोलू नका, तेव्हा कुणाचंच लक्ष नसतं. घरातून बोलणारा माणूस एकच ठेवा. सकाळी मामा, दुपारी जावई, रात्री शेजारी, अशा तीन तोंडांनी तीन प्रश्न गेले की वॉर्ड कुणालाच धड उत्तर देत नाही. आणि खाटेजवळ एक वही ठेवा. वेळ, काय दिसलं, कुणाला सांगितलं, त्यांनी काय केलं, असे चार रकाने. "काल रात्री कोणीच आलं नाही" यापेक्षा "रात्री ११:२०ला बेल वाजवली, १२:०५ला सिस्टर आल्या, चादर १२:३०ला बदलली" हे शंभर पट कामाचं. मत लिहू नका, वेळ लिहा. चांगलं झालेलंही लिहा. एखाद्या सिस्टरने मन लावून ड्रेसिंग केलं असेल तर तेही नावानिशी. त्याने वहीचा खरेपणा वाढतो, आणि त्या सिस्टरचा तो हक्कच आहे.

२४ तासांत फरक पडला नाही, तर लेखी द्या. एका पानात, प्रशासकांच्या नावे, दोन प्रतींत. एका प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर तोच अर्ज ईमेलने आणि नोंदणीकृत टपालाने पाठवा. मजकूर साधारण असा:

"विषय: खाट क्र. ___, रुग्ण ___, वय ७८, नोंदणी क्र. ___ यांच्या शुश्रूषेबाबत. महोदय, १) दि. ___ रोजी सकाळी ___ वाजता रुग्णाच्या माकडहाडावर साधारण ___ सें.मी. जखम दिसली, ती त्याच वेळी ड्युटीवरील सिस्टरना दाखवली. २) दि. ___ व ___ रोजी रात्री रुग्णाचे दोन्ही हात बांधलेले आढळले. त्याबाबत आम्हाला कळवले गेले नव्हते. आमची विनंती: अ) जखमेची पायरी व उपचार योजना आज फाइलमध्ये नोंदवावी, ब) दर दोन तासांनी बाजू बदलल्याची नोंद ठेवावी व आम्हाला पाहू द्यावी, क) भ्रमाच्या कारणांसाठी केलेल्या तपासण्या समजावून सांगाव्यात, ड) हात बांधण्याचा लेखी आदेश असल्यास दाखवावा, इ) मुख्य डॉक्टरांची दहा मिनिटांची भेट उद्या निश्चित वेळी मिळावी. तक्रारीचा नोंदणी क्रमांक द्यावा, ही विनंती."

यात "निष्काळजीपणा", "कोर्टात खेचू", "वर्तमानपत्रात देऊ" यांपैकी काहीही नाही, ते मुद्दाम. धमकी आली की अर्ज प्रशासकांच्या टेबलावरून वकिलाकडे जातो आणि वॉर्डातलं काम जिथल्या तिथे राहतं. मागण्या अशा आहेत की ज्या आज करता येतात आणि न केल्यास उघड दिसतात. बिलाचा मुद्दा या अर्जात नाही, तोही मुद्दाम. पैशाचा विषय आला की "बिल बुडवायला तक्रार करतायत" हे म्हणायला त्यांना वाव मिळतो.

खासगी रुग्णालयांना महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागू आहे, आणि त्याचे नियम २०२१ साली सुधारले गेले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं त्यानुसार बंधनकारक आहे. ती पाटी आहे का बघा, नसेल तर रिकाम्या भिंतीचा फोटो ठेवा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेनुसार तक्रारीला क्रमांक मिळावा आणि १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्कही तिथे आहे. ते "अविश्वास" दाखवणं नाही. सरळ सांगा की रिपोर्टच्या प्रती हव्यात.

कागद मागायला उशीर करू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचाराच्या नोंदी द्याव्या लागतात, आणि आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपाव्या लागतात. झेरॉक्सचा खर्च तुम्ही द्यायचा. "पूर्ण फाइल द्या" असं मोघम लिहिलं की डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्ट हातात पडतात. नावं घेऊन मागा: भरतीच्या वेळची तपासणी, रोजच्या डॉक्टरांच्या नोंदी, नर्सिंगच्या नोंदी, ताप-नाडी-रक्तदाबाचा तक्ता, औषधांचा तक्ता, पाणी-लघवीचा तक्ता, संमतीपत्रं, ऑपरेशन आणि भुलीची नोंद, तपासण्या, एक्स-रे, सविस्तर बिल. नर्सिंगच्या नोंदी आणि औषधांचा तक्ता हे दोन कागद तुमच्या प्रकरणाचा जीव आहेत आणि बहुधा तेच गाळले जातात. संमतीपत्र वडिलांना कळणाऱ्या भाषेत होतं का, सही करताना कोरं होतं का, हेही बघा.

दुसरीकडे हलवायचं ठरलं तर "स्वतःच्या जबाबदारीवर नेतो" या कागदावर घाईने सही करू नका. विमा असेल तर त्याने अडचण येऊ शकते. पुढच्या रुग्णालयाशी आधी बोला, तिथे खाट पक्की करा, आणि इथे रेफर करण्याची लेखी मागणी करा. नवव्या दिवशी, जखम आणि भ्रम दोन्ही असताना, वारंवार हलवणंही पेशंटला मानवत नाही. इथे सुधारणा होत असेल तर इथेच पूर्ण करा.

घरी गेल्यावरची दारं थोडक्यात. रुग्णालयाने नियम पाळले नाहीत, दरपत्रक नाही, तक्रारीला उत्तर नाही, अशा गोष्टींसाठी शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी, आणि शहराबाहेर जिल्हा शल्य चिकित्सक. एखाद्या डॉक्टरच्या वैद्यकीय वर्तनाबद्दल मुंबईची महाराष्ट्र वैद्यक परिषद; ती डॉक्टरवर कारवाई करते, भरपाई देत नाही आणि रुग्णालयावर तिचा अधिकार नाही. रुग्णालय धर्मादाय न्यासाचं असेल तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, कारण अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात.

भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं. रुग्णालयाला दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्ह्यातच चालतात. २०१९च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेही दाखल करता येतं, म्हणजे बिल तुम्ही भरलं असेल आणि तक्रारदार तुम्ही असाल तर पुण्यातही. तरी साक्षी-पुरावे सोलापुरात, आई-वडीलही सोलापुरात, म्हणून मला सोलापूरच सोयीचं वाटतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येईल. तज्ज्ञाचं मत जोडलं तर बळ येतं, पण प्रत्येक प्रकरणात ते लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय. बाजू बदलल्याची नोंदच नसणं समजायला मोठा तज्ज्ञ लागत नाही.

पोलिसांकडे जाण्याचा सल्ला अनेकजण देतील. डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार गंभीर असावा लागतो आणि स्वतंत्र वैद्यकीय मत लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलंय. तुमच्या प्रकरणात मी ते दार ठोठावणार नाही. वॉर्डात आवाज चढवून माणसं जमवणं तर मुळीच नको. २०१०च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली रुग्णालयात हिंसा किंवा तोडफोड झाली तर तो अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नुकसानाच्या दुप्पट भरपाई लागू शकते. खरी तक्रार मग बाजूलाच राहते.

वाचणाऱ्या इतर कुणाचा पेशंट सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात असेल, तर वाट थोडी वेगळी. तिथे वॉर्डानंतर वैद्यकीय अधीक्षक, मग अधिष्ठाता, मग आपले सरकार पोर्टल किंवा महिन्याच्या पहिल्या सोमवारचा जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन. सर्वांनाच मोफत मिळणारी सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, हे १९९५च्या निकालापासून ठरलेलं आहे. कागद अडले तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज, उत्तराची मुदत ३० दिवस.

बिल. रोज संध्याकाळी त्या दिवसापर्यंतचं अंतरिम बिल मागा, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. औषधांचा तक्ता आणि औषधांचं बिल शेजारी ठेवून ताळा करा: दिलेल्या इंजेक्शनांपेक्षा बिलातली जास्त आहेत का, परत केलेली वजा झालीत का, हातमोजे आणि सिरिंज किती. छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं किंवा तिथल्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती केली तर अन्न व औषध प्रशासन, १८००२२२३६५. उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसवले असतील तर पेशंटकडून पैसे घ्यायचेच नसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, किंवा १५५३८८. आणि वडील ७८ वर्षांचे आहेत, म्हणजे ७० वर्षांवरील सर्वांना मिळणाऱ्या आयुष्मान वय वंदना कार्डाला पात्र आहेत. ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही. हे रुग्णालय त्या योजनेत आहे का ते १४५५५ वर विचारा. बिल भरलं नाही म्हणून पेशंटला किंवा पार्थिवाला अडवून ठेवता येत नाही. थकलेली रक्कम कायदेशीर मार्गाने वसूल करण्याचा हक्क मात्र रुग्णालयाला आहे.

राहिला रागाचा प्रश्न. सूड म्हणून उपचार बिघडवणं सहसा घडत नाही. होतं ते असं, की वॉर्ड त्या खाटेपासून अंग चोरतो: बोलणं कमी होतं, गरजेपुरतंच येणं होतं. हे मी नाकारणार नाही. त्यावर उपाय म्हणजे तक्रार व्यक्तीवर न ठेवता कामावर ठेवणं, आणि इन्चार्ज सिस्टरना अर्ज द्यायच्या आधी स्वतः सांगणं: "आम्ही हे लेखी देतोय, तुमच्याविरुद्ध नाही, बाजू बदलायला माणूस मिळावा म्हणून देतोय." रात्री एका सिस्टरकडे किती खाटा असतात हे त्यांनाही बोचत असतं. असा अर्ज पुष्कळदा मेट्रनच्या हातात त्यांच्याच बाजूचा कागद ठरतो.

उद्या सकाळच्या राउंडला आईंबरोबर घरचं आणखी कुणीतरी उभं राहील असं बघा. ते जमत नसेल तर निवासी डॉक्टरांना आजच रात्री सांगून ठेवा, की राउंडच्या वेळी मुलगा फोनवर असेल. आईंना फोन स्पीकरवर धरायला सांगा. तीन प्रश्न कागदावर लिहून द्या: जखम कोणत्या पायरीची आहे, आजचं सोडियम किती, आणि लघवीची नळी आज काढता येईल का.